घरातली आम्लं आणि आम्लारी: फेसाच्या पुढे जाऊन काय पाहायचं, काय मोजायचं (नागपूर)

गोकर्णवेल | ६ मार्च, रात्री ९:१०

सातवी-आठवीच्या मुलांसाठी आम्ल-आम्लारीचे प्रयोग म्हटलं की खायचा सोडा, व्हिनेगर, थोडा लाल रंग आणि ज्वालामुखी, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी थांबतात. फेस दहा सेकंदांत खाली बसतो आणि पाहायचं तेच राहून जातं. म्हणून हा धागा. अट एकच: प्रत्येक प्रयोगात काहीतरी मोजलं गेलं पाहिजे. अंश, सेंटिमीटर, थेंब, मिनिटं, काहीही चालेल.

सामान साधंच आहे: खायचा सोडा, धुण्याचा सोडा (खड्यांचा), पांढरं व्हिनेगर, लिंबूसत्त्व, पानाचा चुना, हळद, जास्वंदीची फुलं, सुई नसलेली ५ मिलिची सिरिंज आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा. इतवारीच्या बाजारात एका फेरीत सगळं मिळतं. सोबत बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी एक लिटर घ्या. मागताना "पाणी" असं नीट सांगा. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं आणि कॅन सारखेच दिसतात.

सुरुवात प्रमाणापासून. व्हिनेगरच्या बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर ५० मिलिमध्ये २ ग्रॅम ॲसेटिक आम्ल असतं. ६० ग्रॅम ॲसेटिक आम्लाला ८४ ग्रॅम खायचा सोडा पुरतो, म्हणजे आपल्या ५० मिलिला २.८ ग्रॅम. हा आकडा वहीत मोठा लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

अर्धा लिटरच्या सहा रिकाम्या बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत ५० मिलि व्हिनेगर ओता. सहा फुग्यांत ०.७, १.४, २.१, २.८, ३.५ आणि ४.२ ग्रॅम सोडा भरा. फुगे आधी एकदा फुगवून सैल केलेले असावेत, नवा फुगा ताठ असतो. फुग्याचं तोंड बाटलीला बसवा आणि फुगा उचलून सोडा आत पाडा. बाटली हळू हलवा, दोन मिनिटं थांबा आणि दोऱ्याने फुग्याचा सर्वांत मोठा घेर मोजा. पहिले चार फुगे चढत्या क्रमाने मोठे होतात. पाचवा आणि सहावा चौथ्याएवढेच राहतात आणि बाटलीच्या तळाशी न विरघळलेला सोडा दिसू शकतो. आम्ल संपलं, आता कितीही सोडा घाला, वायू वाढत नाही. हा सपाट भाग मुलांनी स्वतः आलेखावर काढला की "मर्यादित अभिकारक" हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

बाटलीचं झाकण मात्र कधीही लावायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

---

मोजपट्टी | ६ मार्च, रात्री १०:०२

ताई, घेराबद्दल एक भर. सोडा दुप्पट केला की घेर दुप्पट होईल असं मुलं गृहीत धरतात, आणि तसं झालं नाही की प्रयोग चुकला म्हणतात. वायूचं आकारमान दुप्पट झालं तरी घेर साधारण सव्वापटच वाढतो, कारण आकारमान घेराच्या घनाबरोबर चालतं. घेर दुप्पट हवा असेल तर वायू आठपट लागेल. म्हणून आलेखात घेर नको, घेराचा घन मांडा. तोही पुरता सरळ येत नाही. कमी वायूचा फुगा गोल नसतो, पेरूसारखा लांबट असतो आणि त्याचा घेर फसवतो. अचूक आकारमान हवं असेल तर फुग्याऐवजी नळी लावून पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत वायू गोळा करा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, म्हणून ते पाणी आधी चांगलं खारट करून घ्या, तोटा कमी होतो.

अपेक्षित आकडाही देतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. ३० अंशांना इथे वायूच्या एका मोलला (मोल हे पदार्थ मोजायचं एकक; ८४ ग्रॅम सोडा म्हणजे एक मोल आणि त्यातून एक मोल वायू) २५.८ लिटरच्या आसपास जागा लागते. २.८ ग्रॅम सोडा म्हणजे एका मोलचा तिसावा भाग, म्हणजे सुमारे ८६० मिलि. त्यातला काही द्रावणातच राहतो. फुगा गोल धरला तर घेर ३५-३६ सेंटिमीटर यायला हवा.

---

सावित्री_व | ७ मार्च, सकाळी ७:४५

काटा नसेल तर चमच्याने चालेल का? एक चमचा सोडा आणि ५० मिलि व्हिनेगर घेतलं तर खाली पांढरं उरून राहिलं आहे.

---

गोकर्णवेल | ७ मार्च, सकाळी ८:२०

सावित्रीताई, उरणारच. मापाचा ५ मिलिचा चमचा काठोकाठ सपाट भरला तर साडेचार ते पाच ग्रॅम सोडा मावतो, गरजेच्या दीडपटीहून जास्त. अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त घ्या. शीग ठेवू नका, पट्टीने सपाट करा. आणि डब्यावर "बेकिंग सोडा" आहे की "बेकिंग पावडर" ते एकदा पाहा. पावडरीत स्टार्च आणि कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, तिचे आकडे कधीच जुळत नाहीत.

---

काचनळी | ७ मार्च, दुपारी १:१५

तापमानाचा प्रयोग यात हवाच. आम्ल आणि आम्लारी मिसळले की उष्णता निघते असं पुस्तकात वाचलेलं असतं, आणि हातात धरलेला पेला मात्र गार लागतो.

कागदी किंवा थर्माकोलचा पेला घ्या. स्टीलचा नको, तो टेबलाची नि हाताची उष्णता आत घेतो. ५० मिलि व्हिनेगर तासभर खोलीत ठेवलेलं असावं, फ्रिजमधून काढलेलं नसावं. तापमापी ० ते १०० ची हवी. तापाची तापमापी ३५ च्या खाली दाखवतच नाही, तिचा इथे उपयोग नाही. तापमान लिहा, २.८ ग्रॅम सोडा तीन वेळा थोडा थोडा घाला (एकदम घातला तर उतू जातो), ढवळा आणि दर १५ सेकंदांनी वाचा. पारा साधारण ४ ते ५ अंशांनी उतरतो.

आता दुसरा पेला: ५० मिलि व्हिनेगर आणि पानाचा चुना, साधारण दोन-अडीच ग्रॅम, म्हणजे छोट्या गोटीएवढा गोळा. फेस येत नाही, आला तरी अगदी थोडे बुडबुडे (चुना जुना असेल तर त्याचा काही भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनेट झालेला असतो). पण पारा वर चढतो. कोरडा शुद्ध चुना असता तर ५० मिलि व्हिनेगरमध्ये जास्तीत जास्त १० अंशांच्या आसपास वाढ मिळाली असती. चुन्यात पाणी असतं आणि पेल्यातून उष्णता जाते, म्हणून प्रत्यक्षात कमी दिसते. दोन पेले शेजारी ठेवले की एक थंड, एक कोमट. एकात खूप फेस, एकात जवळजवळ नाहीच. उदासिनीकरण, म्हणजे आम्ल आणि आम्लारीने एकमेकांचा प्रभाव संपवणं, मात्र दोन्हीकडे झालं. फेस म्हणजेच अभिक्रिया ही समजूत मोडायला याहून चांगला प्रयोग नाही.

चुना विझवलेलाच, पानाच्या डबीतलाच. कळीचा चुना घरात आणायचाच नाही, पाणी लागताच तो उकळतो.

---

मोजपट्टी | ७ मार्च, दुपारी ३:४०

काचनळीदादा, थंडाव्याचं श्रेय पूर्णपणे वायूला देऊ नका. तिसरा पेला लावा: ५० मिलि साधं पाणी आणि तोच २.८ ग्रॅम सोडा. आम्ल नाही, फेस नाही, तरी पारा अडीच-तीन अंशांनी उतरतो. सोडा नुसता विरघळतानाच उष्णता घेतो. म्हणजे ४-५ अंशांतला अर्ध्याहून जास्त थंडावा विरघळण्याचा, आणि उरलेला आम्लाशी झालेल्या अभिक्रियेचा व वायू सुटण्याचा. हा पेला नसेल तर पहिल्या पेल्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धवट राहतो.

---

काचनळी | ७ मार्च, दुपारी ४:०५

मान्य. तिसरा पेला पहिल्याच्या आधी लावावा असं मी म्हणेन. मुलांना आधी कारण दिसू दे.

---

जास्वंद_पिवळी | ७ मार्च, रात्री ८:३०

हळदीचा कागद केला. चुन्याने लालभडक होतो, पण खायच्या सोड्याने नुसता नारिंगी. हळद भेसळीची आहे का?

---

गोकर्णवेल | ७ मार्च, रात्री ९:२५

हळदीवर संशय नको, सोडाच सौम्य आहे. हळदीतलं कुरकुमिन हे रंगद्रव्य सामू (pH; ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी) साडेसात-आठच्या पुढे गेल्यावर रंग बदलायला लागतं, आणि खायच्या सोड्याचं द्रावण आठ-सव्वाआठच्या आसपासच अडकतं. म्हणून अर्धवट नारिंगी. धुण्याचा सोडा अकराच्या पुढे, चुन्याची निवळी बाराच्या पुढे, तिथे लाल-तपकिरी पक्का येतो. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग चढतो, तो हाच. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, तोही हाच. मग तिथेच लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. चार वेळा मागे-पुढे करून दाखवा. बदल परतणारा आहे, हे मुलांना त्यातूनच कळतं.

कागदाची कृती नीट लिहिते, कारण इथेच गडबड होते. कुरकुमिन पाण्यात नीट विरघळत नाही. एक चमचा हळद ३० मिलि स्पिरिटमध्ये किंवा पातळ सॅनिटायझरमध्ये घालून पंधरा मिनिटं ठेवा, कापडातून गाळा आणि त्यात टिपकागद किंवा गाळणकागद बुडवून सावलीत वाळवा. जवळपास गॅस पेटलेला नको. छपाईचा साधा पांढरा कागद वापरू नका. त्यात बहुधा भर म्हणून कॅल्शियम कार्बोनेट असतं, तो स्वतःच किंचित आम्लारिधर्मी असतो. हळदीवर ते फारसं जाणवत नाही, पण जास्वंदीचा रस अशा कागदावर लावला की चाचणीआधीच जांभळट पडतो.

जास्वंदीसाठी लाल एकेरी फुलं पाच. नुसत्या पाकळ्या १०० मिलि गरम शुद्ध पाण्यात दहा मिनिटं. आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवा. बोअरचं पाणी वापरलं तर रस आधीच मळकट निळसर येतो, बॅटरीचं पाणी त्यासाठीच मागवलं. रस फ्रिजमध्ये दोन दिवस, बाहेर मार्चच्या उकाड्यात एक दिवसही धड टिकत नाही. कुंपणावर गोकर्ण असेल तर तीच घ्या. निळ्यापासून आम्लात जांभळा-गुलाबी, आम्लारीत हिरवा, आणि फार तीव्र आम्लारीत पिवळा. एकाच फुलात इतक्या पायऱ्या मिळतात.

---

संत्र्याची_फोड | ८ मार्च, सकाळी १०:५०

नागपुरात बसून संत्रं वगळता येणार नाही. मृग बहाराची (पावसाळ्यातल्या मोहोराची) फळं आत्ता कळमन्याच्या बाजारात आहेतच. लिंबू, संत्रं आणि व्हिनेगर यांत आम्ल किती, हे थेंबांनी मोजता येतं.

आधी चुन्याची निवळी. अर्धा लिटर शुद्ध पाण्यात छोट्या गोटीएवढा चुना घालून बाटली हलवा, झाकण लावून रात्रभर ठेवा आणि वरचं स्वच्छ पाणी न हलवता काढून घ्या. गरम पाणी वापरून "जास्त विरघळेल" असं समजू नका. चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, साखर-मिठाच्या उलट. बाटली गळ्यापर्यंत भरलेली आणि घट्ट बंद ठेवा. वर पांढरी साय दिसली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला, निवळी अशक्त झाली.

लिंबाचा रस गाळून १ मिलि घ्या, त्यात ९ मिलि पाणी. या पातळ रसातला १ मिलि वाटीत, हळदीच्या अर्काचे दोन थेंब, आणि सिरिंजने निवळी थेंब थेंब टाका, ढवळत राहा. पिवळा जाऊन लालसर रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. चांगल्या लिंबाला ४०-५० थेंब लागतात. तसंच पातळ केलेलं ४ टक्क्यांचं व्हिनेगर घेतलं तर ३०-३५. संत्र्याचा रस असा पातळ केला तर पाच-सात थेंबांत संपतो, एका थेंबाची चूकही मोठी पडते. म्हणून संत्र्याचा रस पातळ न करता १ मिलि घ्या, वाटीत नुसतं पाणी वाढवा म्हणजे रसाचा पिवळेपणा आड येणार नाही. साधारण ६० थेंब लागतात आणि मग हिशेबात दहाने भागा.

सगळ्यांना सिरिंज एकच, धरण्याचा कोनही एकच. थेंबाचा आकार बदलला की सगळं बदललं. आधी १ मिलिचे थेंब मोजून वहीत लिहा, बहुधा वीसच्या जवळपास येतात.

बाजारातून आणलेल्या फळांत आंबट आणि गोड वेगळी काढा, दोन्हींचे थेंब मोजा. जिभेचा अंदाज इथे कधी कधी चुकतो, कारण गोडव्याखाली आंबटपणा लपतो.

---

सावित्री_व | ८ मार्च, सकाळी ११:३०

निवळीऐवजी खायच्या सोड्याचं पाणी का नाही? ते तर लगेच होतं.

---

संत्र्याची_फोड | ८ मार्च, दुपारी १२:१०

सोड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात राहतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी ठेवतो, त्यामुळे शेवटचा थेंब नेमका कुठला ते ठरत नाही. शिवाय सोडा स्वतः हळदीला नारिंगीच्या पुढे नेत नाही, ते वर आलंच आहे. निवळीत रंग एका-दोन थेंबांत पालटतो.

---

काचनळी | ८ मार्च, दुपारी ४:५५

धुण्याच्या सोड्याचा एक प्रयोग फार सुंदर आहे, आणि कोणी करत नाही. खड्यांचा सोडा ५ ग्रॅम, १०० मिलि पाण्यात पूर्ण विरघळवा. त्यात व्हिनेगर २-२ मिलि, वाटीच्या कडेने हळूच घाला आणि प्रत्येक वेळी ढवळा. जिथे पडेल तिथे क्षणभर बुडबुडे दिसतात नि ढवळताच विरतात. १० मिलि झालं, २० मिलि झालं, फेस नाही. मुलं कंटाळायला लागतात. २५ मिलिच्या आसपास अचानक फेस धरतो आणि मग प्रत्येक थेंबाला येत राहतो.

कारण असं: धुण्याच्या सोड्यातलं कार्बोनेट आधी आम्ल घेऊन बायकार्बोनेट होतं, म्हणजे आपला खायचा सोडाच होतो. सगळं कार्बोनेट असं बदलल्यावर पुढचं आम्ल वायू सोडवतं. वाटीत आधी धुण्याचा सोडा होता, मधल्या टप्प्यावर खायचा सोडा आहे. तिथेच हळदीचा कागद बुडवा: सुरुवातीला लाल यायचा, आता नारिंगी. दोन प्रयोग एकमेकांची साक्ष देतात.

खडे जुने असून वर पांढरी भुकटी धरली असेल तर त्यातलं पाणी उडालेलं असतं. मग ५ ग्रॅममध्ये सोडा जास्त येतो आणि फेस ३५-४० मिलिपर्यंत लांबतो, कधी त्याही पुढे. पारदर्शक खडे निवडा.

---

काळीमाती | ८ मार्च, रात्री ९:४०

स्वयंपाकघराच्या बाहेर एक पाऊल. आपल्या भागातल्या काळ्या मातीत चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट) असते, आणि तिची पहिली चाचणी हीच: आम्ल टाका, फेस पाहा. मृदा सर्वेक्षणात यासाठी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. (देशाच्या मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय इथेच अमरावती रोडला आहे, मुलांना हे सांगावं.) घरी १० ग्रॅम लिंबूसत्त्व १०० मिलि पाण्यात घेतलं तरी पुरतं. व्हिनेगरही चालतं, पण सावकाश.

माती वाळवून, ढेकळं फोडून दोन चमचे काचेच्या बशीत घ्या. आणि आता महत्त्वाचं: आधी साधं पाणी घालून माती पूर्ण भिजवा, एक मिनिट थांबा. कोरड्या मातीत हवा अडकलेली असते, ओलं होताच ती बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि लोक त्यालाच चुनखडी समजतात. ते बुडबुडे थांबले की मग आम्ल. बशी कानाजवळ न्या. डोळ्यांना दिसण्याआधी बारीक चुरचुर ऐकू येते.

एकाच जागेची वरची माती आणि हातभर खोलीची माती वेगवेगळी तपासा. पुष्कळदा खालची जास्त फेसाळते. संत्र्याच्या झाडांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, त्यामागे अनेकदा हीच चुनखडी असते: जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. फेस आला नाही म्हणजे माती आम्लधर्मी, असा अर्थ काढू नका. कार्बोनेट नाही, एवढंच कळतं.

---

पेंचकाठ | ९ मार्च, सकाळी ८:०५

कूलर काढायचे दिवस आले, तर जाळीवर नि पंपाच्या नळीवर जमलेला पांढरा थर हाच प्रयोग म्हणून वापरता येईल का? बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरमध्ये तो जाड असतो.

---

काचनळी | ९ मार्च, सकाळी ९:३०

भाऊ, जरूर. खरवडून १ ग्रॅम घ्या आणि ३० मिलि व्हिनेगरमध्ये टाका. फेस येतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. दुसरा १ ग्रॅम बारीक कुटून टाका, किती लवकर विरघळतो त्याची वेळ लावा. तिसरा कोमट व्हिनेगरमध्ये. आकडे तिन्ही वेगळे येतील. सगळं कधीच विरघळत नाही, त्यात धूळ आणि दुसरे क्षारही असतात.

पण आम्ल थेट कूलरच्या टाकीत ओतू नका. टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची असेल तर आम्ल जस्त खातं, हायड्रोजन वायू निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात पत्रा गंजतो. प्लॅस्टिकचे भाग सुटे करून बादलीत भिजवा. ॲल्युमिनियमचं भांडं तर आम्लालाही नको आणि धुण्याच्या सोड्यालाही नको, दोन्हींत ते झिजतं.

---

गोकर्णवेल | ९ मार्च, रात्री ९:००

सुरक्षिततेचं एकत्र लिहिते, कारण घरातली प्रत्येक बाटली प्रयोगाची नसते. संडास साफ करायचं द्रव आणि फरशीचं ॲसिड हायड्रोक्लोरिक आम्लाचं असतं, नाली मोकळी करायची पूड बहुधा कॉस्टिक सोड्याची. ही मुलांच्या टेबलावर येता कामा नयेत. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये कुठलंही आम्ल पडलं, अगदी लिंबू-व्हिनेगरसुद्धा, तर क्लोरीन सुटतो. "दोन क्लीनर मिसळून बघू" हा प्रयोग कधीही नाही.

चुना डोळ्यात गेला तर तो गंभीर असतो, म्हणून साधा चष्मा तरी प्रत्येकाच्या डोळ्यांवर हवाच. डोळ्यात किंवा अंगावर काही उडालं तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, आणि डोळ्याचं असेल तर लगेच दवाखाना. आम्लावर सोडा, सोड्यावर लिंबू असलं अंगावर करायचं नाही. उदासिनीकरणाची उष्णता कातडीवरच निघते.

---

जास्वंद_पिवळी | १० मार्च, सकाळी ७:५०

निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला, दुधाळ झाली आणि नंतर पुन्हा स्वच्छ झाली. निवळी कमी पडली का?

---

संत्र्याची_फोड | १० मार्च, सकाळी ८:४०

कमी पडली नाही, वायू जास्त गेला. आधी न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणून दुधाळ. वायू चालूच राहिला की त्याचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं, म्हणून पुन्हा स्वच्छ. आता तेच स्वच्छ पाणी स्टीलच्या भांड्यात पाच मिनिटं उकळा. वायू निघून जातो, पाणी परत गढूळ होतं आणि भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. पेंचकाठभाऊंच्या कूलरवरचा थर बराचसा असाच धरलेला असतो, फक्त तिथे वाळ्याच्या जाळीवर पाणी उडून जातं. थर पुसून टाकू नका. भांडं निवल्यावर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि जवळून पाहा.